आपल्या पट्टीतलं गाणं

जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाचा एक वादक हौशी लोकांच्या गाण्याला साथ करून पोट भरत असे. एका छोट्या कंपनीच्या मालकाला गावाबाहेर पाहुण्यांसमोर गायचं होतं आणि साथीला इनोउएच हवा होता, कारण आपला आवाज कुठे पोचतो, कुठे अडतो हे त्यालाच ठाऊक आहे, असं त्या मालकाचं म्हणणं. इनोउएला जाणं जमेना. त्यानं साथ टेपवर वाजवून दिली. या प्रसंगातून पुढे यंत्राची कल्पना निघाली आणि 1971 साली पैसे टाकून चालणारं कराओके यंत्र तयार झालं. पुणे, ठाणे, डोंबिवली, नागपूर इथल्या सभागृहांत दर शनिवार-रविवारी ट्रॅक लावून जे गाणं चालतं, त्याचा एक उगम हा असा आहे. गाणाऱ्याच्या गळ्याच्या मगदुरानं केलेली ती साथ होती. आज नेमकी हीच गोष्ट आपण विसरलो आहोत. ट्रॅक मूळ गाण्याच्या पट्टीत मिळतो, म्हणून गाणंही त्याच पट्टीत म्हणायचं, असा जणू नियमच झाला आहे.

हौशी गायकाची सर्वांत जास्त शक्ती याच एका गोष्टीत वाया जाते, असं माझं ठाम मत आहे. महंमद रफींचं उंच गाणं रफींच्याच पट्टीत म्हणायला जाणारा गृहस्थ मुखडा छान म्हणतो, अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीला मान वर करतो, गळ्याच्या शिरा फुगतात, आणि वरचा सूर एक तर ओरडल्यासारखा येतो किंवा कणसूर लागतो. लताबाईंची गाणी म्हणणाऱ्या बायकांचं तर फारच अवघड होतं. मग 'माझा आवाजच चांगला नाही' असा निष्कर्ष निघतो. आवाज बहुधा ठीक असतो, फक्त गाणं त्या आवाजाच्या घरात आणलेलं नसतं.

आपल्याकडे शास्त्रीय संगीतात हा प्रश्न उद्भवत नाही. पुरुष साधारण काळी एकच्या आसपास षड्ज धरतो, बाई काळी चारच्या आसपास, कुणी थोडं वर, कुणी खाली. तानपुरा गायकाच्या गळ्याप्रमाणे जुळवतात, गळा तानपुऱ्याप्रमाणे नाही. चित्रपटगीत आणि भावगीत मात्र ध्वनिमुद्रणातून आपल्यापर्यंत आलं. त्यामुळे एका विशिष्ट गायकाची, एका विशिष्ट दिवसाची पट्टी त्या गाण्याला कायमची चिकटली. त्यातून जुन्या टेप आणि तबकड्या वेगवेगळ्या यंत्रांवर, किंचित कमी-जास्त वेगानं उतरवल्या गेल्यामुळे कित्येक मुद्रणं हार्मोनियमच्या कोणत्याच पट्टीशी नीट जुळत नाहीत. तेव्हा 'मूळ पट्टी' ही काही पवित्र गोष्ट नाही.

आपली पट्टी शोधायची कशी? गाण्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर आधी हेरावा. हार्मोनियम नसेल तर फोनवरच्या पेटीच्या ॲपवर हे काम होतं. मग आपला गळा न ओढता कुठपर्यंत जातो ते बघावं. इथे एक मेख आहे. एकट्यानं, जोर लावून, एकदाच लागलेला सूर हिशेबात धरायचा नाही. गाण्यातला सर्वांत वरचा सूर आपल्या त्या टोकापेक्षा किमान एक पूर्ण स्वर खाली राहिला पाहिजे, म्हणजे तिथे पोचल्यावर शब्दाचा आणि भावाचा विचार करायला जागा उरते. पण नुसतं टोक बघूनही भागत नाही. काही गाणी एकदाच वर जाऊन येतात, तर काही सबंध अंतराभर तार षड्जाच्या आसपास रेंगाळतात. दुसऱ्या जातीचं गाणं जास्त दमवतं, आणि ते आणखी एखादी पट्टी खाली घ्यावं लागतं. आजकाल ॲपमध्ये वजा एक, वजा दोन असं बटण दाबलं की लय न बदलता पट्टी खाली येते. टेपच्या जमान्यात पट्टी उतरवायची तर टेपच संथ फिरवावी लागे आणि गाणंही संथ होई. दोन-तीन पट्ट्यांपर्यंत हे बटण चांगलं चालतं. पुरुषाचं गाणं बाईनं म्हणायचं म्हणून चार-पाच पट्ट्या सरकवल्या की मात्र व्हायोलिन आणि बासरी कृत्रिम वाटायला लागतात. अशा वेळी नव्या पट्टीत वाजवलेला ट्रॅक शोधावा किंवा करून घ्यावा.

पट्टी खाली घेतली की गाण्याची चमक जाते, अशी तक्रार ऐकू येते. थोडी जाते, हे खरं. काही चाली उंचीवरच उजळतात. पण ओढाताणीत जे जातं ते त्याहून मोठं असतं.

आता वरच्या सुराकडे वळू, कारण हौशी गायकाची खरी लढाई तिथेच असते. स्वरयंत्रात दोन स्वररज्जू असतात, पुरुषांत साधारण पावणेदोन ते अडीच सेंटीमीटर लांबीचे, स्त्रियांत सव्वा ते पावणेदोन. काळी एकच्या पट्टीत पुरुषाचा मध्य षड्ज म्हणजे सेकंदाला सुमारे 139 वेळा या रज्जूंची उघडझाप. तार षड्ज म्हणजे त्याच्या दुप्पट, 277. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईच्या तार पंचमाला हा आकडा 622 पर्यंत जातो. इतक्या वेगानं थरथरायचं तर रज्जू ताणले गेले पाहिजेत आणि पातळ झाले पाहिजेत. हे ताणण्याचं काम स्वरयंत्राच्या पुढच्या भागात, बाहेरच्या बाजूला असलेल्या स्नायूंची एक जोडी करते. रज्जूंच्या आतला स्नायू याच्या उलट त्यांना जाड आणि आखूड ठेवतो. बोलताना आणि खालच्या सुरात गाताना हा आतला स्नायू पुढे असतो. त्यालाच आपण छातीचा किंवा भरीव आवाज म्हणतो.

वर जाताना आतल्या स्नायूनं हळूहळू सैल सोडायचं आणि ताणणाऱ्यानं हळूहळू सूत्रं हातात घ्यायची, असा हा व्यवहार आहे. हौशी गायक इथेच अडतो. तो खालचा भरीवपणा तसाच धरून वर चढतो, हवेचा दाब वाढवतो, आणि एका ठिकाणी आवाज तुटतो किंवा एकदम पोकळ, बारीक होतो. गुरुजी ज्याला 'आवाज चोरला' म्हणतात तो हाच पोकळ आवाज. ओरडणं हे एक टोक, चोरणं हे दुसरं. मधली वाट जोरानं सापडत नाही, ती फक्त हळू आवाजात सापडते. हे अनेकांना पटत नाही, कारण उंच सूर म्हणजे मोठा सूर हे समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

यावर एक साधा, शास्त्रानं तपासलेला उपाय आहे. शीतपेयाची नळी ओठांत धरायची, गाल सैल सोडायचे आणि नळीतून 'ऊ' असा सूर काढत खालून वर, वरून खाली सावकाश घसरत जायचं. हवा नाकातून निसटता कामा नये. नाक चिमटीत धरून बघितलं की कळतं, सूर तसाच राहिला तर ठीक. अमेरिकेतले आवाजाचे संशोधक इंगो टिट्झे यांनी या व्यायामाचा बराच अभ्यास आणि प्रसार केला. नळीच्या अरुंद तोंडामुळे हवेचा थोडा दाब उलटा घशाकडे येतो, रज्जू एकमेकांवर आदळण्याचा जोर कमी होतो, आणि कमी श्रमात ते व्यवस्थित कंप पावतात. जिथे एरवी आवाज तुटतो तो सांधा नळीतून जाताना पुष्कळदा विनासायास ओलांडला जातो. एकदा ते अंगवळणी पडलं की अंतऱ्याची तीच अवघड ओळ आधी नळीतून, मग 'म' वर ओठ मिटून, मग 'आ'कारात आणि शेवटी शब्दांसकट म्हणायची. ज्या पायरीवर घसा आवळला जाईल त्या पायरीवरून एक पायरी मागे यायचं. दिवसातून थोडा थोडा वेळ, पण रोज.

शब्दांसकट म्हणताना आणखी एक अडचण निघते. तोच सूर 'आ'वर लागतो आणि 'ई'वर लागत नाही. प्रत्येक स्वराक्षरासाठी तोंडाची पोकळी एका ठरावीक कंपनसंख्येला जास्त साथ देते. 'आ'साठी ती सेकंदाला सातशे-आठशेच्या आसपास, तर 'ई' आणि 'ऊ'साठी तीनशेच्या आसपास असते. बाईचा तार पंचम सहाशेच्या वर गेला की 'ई'ची पोकळी खाली राहते आणि सूर वर निघून जातो. मग सूर आवळतो. तोंड जरा जास्त उघडून ती 'ई' किंचित 'ए'कडे झुकवली, 'ऊ' किंचित 'ओ'कडे नेला, तर पोकळी सुराच्या मागोमाग वर सरकते. ऐकणाऱ्याला शब्द तोच ऐकू येतो. मोठ्या गायिकांचे वरचे सूर कान देऊन ऐका, 'ई' कागदावरच्या 'ई'पेक्षा किती मोकळी आहे ते जाणवेल.

दमसासाबद्दल इतका उपदेश होतो की मी थोडक्यातच सांगतो. पोटभर हवा घेणं हा मुद्दाच नाही. एका ओळीला लागते त्याहून कितीतरी जास्त हवा छातीत मावते. अडचण असते ती सोडण्यात. पहिल्या दोन शब्दांतच निम्मी हवा उडते आणि ओळीचा शेवट कोरडा पडतो. तांब्यातून बारीक धार धरावी तशी हवा सोडायची, आणि त्यासाठी श्वास घेताना फुललेल्या खालच्या बरगड्या गाताना लगेच मिटू द्यायच्या नाहीत. खांदे वर उचलले गेले तर श्वास उथळ झाला असं समजावं. गाण्याचा कागद समोर घेऊन श्वास कुठे घ्यायचा याच्या खुणा पेन्सिलीनं करून ठेवाव्यात. शब्दाच्या मधोमध श्वास घेतलेला ऐकला की माझं मन फार खट्टू होतं, कारण इतक्या सोप्या उपायानं तो टळतो.

मग नक्कल करायचीच नाही का? करायची, पण कशाची, हे ओळखून करायची. लताबाईंच्या आवाजाचा पोत, किशोरकुमारांच्या आवाजाचा घुमारा, तलत महमूद यांचा तो हलका कंप या गोष्टी त्यांच्या घशाच्या घडणीतून आल्या. त्या उसन्या घेता येत नाहीत. घ्यायला गेलं की घसा दाबून, नाकात आणून, काहीतरी सोंग तयार होतं, आणि त्या सोंगाखाली सूर डळमळतो. त्यांनी काय केलं ते मात्र जरूर घ्यावं. मुरकी कुठल्या स्वरापासून सुरू होते आणि किती स्वरांना स्पर्श करते, मींड कुठे सावकाश घेतली आहे, शब्द मात्रेवर पडतो की किंचित मागून येतो, कोणत्या अक्षरावर आवाज जवळजवळ कुजबुजीइतका खाली आणला आहे. फोनवर गाणं निम्म्या वेगानं लावा. मूळ वेगात नुसती लकेर वाटणारी मुरकी चार सुटे, स्वच्छ स्वर होऊन समोर येते. ते चार स्वर सरगम करून म्हणा, मग आकारात, मग हळूहळू वेग वाढवा. वेग वाढवताना मधला एखादा स्वर गळू लागला तर तो वेग अजून आपला नाही. हौशी गाण्यातल्या मुरक्या पुसट वाटतात त्या गळ्याला फिरत नसते म्हणून नाही, तर आत नेमके कोणते स्वर आहेत हे गाणाऱ्यानं कधी मोजलेलंच नसतं म्हणून.

या बाबतीत आपल्यासमोर गीतरामायणासारखं उदाहरण आहे. 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून गदिमांची ती 56 गीतं प्रसारित झाली तेव्हा सगळी एकाच आवाजात नव्हती. माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे अशा वेगवेगळ्या गायक-गायिकांनी ती गायिली. पुढे सुधीर फडके ऊर्फ बाबूजी यांनी ती सर्व गीतं स्वतः मैफलींतून गाऊन गावोगावी पोचवली, सीतेची आणि कौसल्येचीसुद्धा. बाबूजींनी त्यासाठी बाईचा आवाज काढला नाही. स्वतःच्या पट्टीत, स्वतःच्या आवाजात, शब्दाचं वजन सांभाळून ते गायिले, आणि श्रोत्यांना सीता भेटली. दुसऱ्याचं गाणं आपल्या गळ्यात आणणं म्हणजे काय, याचा धडा याहून स्पष्ट कुठे मिळेल?

सुराचं म्हणाल तर ट्रॅक हा चांगला शिक्षक नाही. ट्रॅकवर वाद्यांची इतकी गर्दी असते की आपला सूर किंचित उतरला तरी त्यात लपून जातो. तानपुऱ्यासमोर काहीच लपत नाही. फोनवरच्या तानपुऱ्याच्या ॲपवर आपली पट्टी लावून गाण्याचा मुखडा ट्रॅकशिवाय, ठेक्याशिवाय, अगदी संथ म्हणून बघावा. खर्जाच्या तारेतून स्वयंभू गांधार ऐकू येतो, तो पेटीवरच्या गांधारापेक्षा किंचित उतरलेला असतो. ज्याचा कान त्या गांधारावर बसला त्याच्या सगळ्या गाण्यात फरक पडतो. खालच्या षड्जावर रोज थोडा वेळ थांबण्याचा जुना रियाजही इथेच उपयोगी पडतो. त्यानं आवाज स्थिर होतो आणि स्वतःला ऐकण्याची सवय लागते.

स्वतःला ऐकणं ही खरोखर शिकण्याची गोष्ट आहे. आपला आवाज आपल्याला हवेतून येतो तसाच कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडांतून खालची कंपनं जास्त पोचतात. म्हणून आपल्याला आपला आवाज भरदार वाटतो आणि मुद्रण ऐकल्यावर तो पातळ, परका वाटतो. तो परका आवाजच लोक ऐकत असतात. पहिले काही आठवडे त्याचा कंटाळा येतो, नंतर तोच कामाला येतो. मुद्रण ऐकताना एका वेळी एकच गोष्ट ऐकावी. एकदा फक्त सूर, एकदा फक्त लय, एकदा फक्त शब्दांचे शेवट. सगळं एकदम ऐकायला गेलं की 'बरं झालं' किंवा 'वाईट झालं' यापलीकडे काही हाती लागत नाही. बिनतारी हेडफोन लावून ट्रॅकवर गाऊ नये. त्यात आवाज कानापर्यंत पोचायला क्षणाचा एक अंश उशीर होतो आणि मुद्रणात आपण सतत मागे राहिल्यासारखे ऐकू येतो. लयीला कच्चा म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या कितीतरी जणांचा दोष त्या हेडफोनचा असतो. आणखी एक, एको बंद ठेवून मुद्रण करावं. एको सुराच्या कडा पुसून टाकतो, आणि सरावात आपल्याला त्या कडाच बघायच्या असतात.

तुलना करताना हेही लक्षात असू द्यावं की आजची बरीच लोकप्रिय गाणी यंत्रानं सुरात बसवलेली असतात. 1997 साली ऑटो-ट्यून बाजारात आलं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेलशोधासाठी भूगर्भातल्या लहरींचं विश्लेषण करत असत. त्या घोटून गुळगुळीत केलेल्या आवाजाशी स्वतःच्या कच्च्या मुद्रणाची तुलना करून खचून जाणं अन्यायाचं आहे. सुराचा कान तयार करायला जुनी गाणीच बरी.

मायक्रोफोनचंही एक तंत्र आहे. नाट्यसंगीताच्या जुन्या काळात नटाला शेवटच्या रांगेपर्यंत स्वतःच्या बळावर आवाज फेकावा लागे. भावगीत वाढलं तेच रेडिओ, तबकडी आणि मायक्रोफोनच्या सोबतीनं, म्हणून ते कानाशी बोलल्यासारखं गाता येतं. नाट्यपद आणि भावगीत एकाच जोरानं म्हणणारे गायक मला भेटतात तेव्हा त्यांच्या हातात माईक आहे हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं, असं वाटतं. माईक ओठांच्या अगदी जवळ आणला की खर्ज वाढतो, आवाज गोलसर होतो. खालच्या ओळींना हे छान, पण वरच्या सुराला माईक दूर न्यायलाच हवा. 'प', 'फ', 'भ' यांचा फटका बसू नये म्हणून तो तोंडासमोर सरळ न धरता जरा तिरका धरावा. माईकची जाळी मुठीत धरून गायलं की शिट्टी वाजते, ते टाळावं.

शब्दांचा विषय मी उशिरा घेतोय, पण तो मला सर्वांत जवळचा आहे. लताबाई नवोदित असताना त्यांच्या उर्दू उच्चारांना मराठी वळण आहे, अशा अर्थाचं काहीतरी दिलीपकुमार बोलले. त्यावर त्यांनी उर्दू शिकवायला शिक्षक लावले. आपल्यापैकी कितीजण हिंदी गाणं म्हणण्याआधी 'ज़' आणि 'ज' वेगळे करतात? मराठी माणसाच्या तोंडी 'जीवन'मधला तालव्य 'ज' आणि 'जखम'मधला दंततालव्य 'ज' असे दोन ज सहज येतात, पण उर्दूचा 'ज़' या दोन्हींहून वेगळा आहे. त्यात जीभ टाळ्याला टेकत नाही, नुसतं घर्षण होतं. 'ख़' आणि 'ग़' घशातून येतात, 'फ़' ओठ आणि दातांतून. गाण्यातले असे शब्द कागदावर उतरवून, न गाता, नुसते वाचून काढावेत. मराठी भावगीत म्हणतानाही 'ळ' आणि 'ण' पूर्ण उमटतात का, ओळीच्या शेवटचं व्यंजन गिळलं जातं का, हे बघावं. अरुण दाते व्यवसायानं टेक्स्टाइल इंजिनिअर होते, तरी त्यांच्या गाण्यातलं प्रत्येक अक्षर ऐकणाऱ्यापर्यंत पोचतं. नोकरी सांभाळून गाणाऱ्यांनी त्यांची मुद्रणं याच कारणासाठी पुन्हा पुन्हा ऐकावीत.

आजचे बरेच हौशी गायक निवृत्तीनंतर गाण्याकडे वळलेले असतात. वयाबरोबर आवाज बदलतो. रजोनिवृत्तीनंतर अनेक स्त्रियांचा आवाज थोडा खाली येतो, पुष्कळ पुरुषांचा उतारवयात बारीक होतो. तिशीत जी पट्टी होती ती साठीत असेलच असं नाही, म्हणून पट्टी वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा तपासून बघावी. दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप घेणाऱ्यांचा आवाज कधी कधी घोगरा होतो. पंपानंतर चूळ भरण्याची सवय ठेवावी आणि गात असल्याचं डॉक्टरांना सांगावं. प्यालेलं पाणी स्वररज्जूंवरून जात नाही, ते अन्ननलिकेतून जातं. म्हणून गाण्याच्या आधी घटाघटा प्यायल्यानं लगेच काही होत नाही, दिवसभर पाणी पीत राहावं लागतं. आवाज बसला आणि तीन-चार आठवड्यांत सुटला नाही, तर काढे करत न बसता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वररज्जू दुर्बिणीनं तपासून घ्यावेत. जोर लावून गाणाऱ्यांच्या रज्जूंवर बारीक गाठी येतात. त्या लवकर कळल्या तर पुष्कळदा आवाजाच्या विश्रांतीनं आणि गाण्याची पद्धत सुधारून बऱ्या होतात. डॉक्टरांकडे जाताना नेहमी म्हणता त्या दोन-तीन गाण्यांची स्वतःची मुद्रणं फोनमध्ये न्यावीत, जुनी आणि नवी दोन्ही, म्हणजे आवाज केव्हापासून आणि कोणत्या सुरावर बदलला हे त्यांना ऐकूनच समजतं.